हरणाऱ्याने मांडून दाखवावे

मी, खाली सही करणारी, सगळे जिला मास्तरीणबाई म्हणतात ती, धंद्याने शिंपीण, पुलाच्या अलीकडच्या आळीत टेलरिंगचे दुकान चालवणारी आणि त्याच आळीच्या बायकांच्या फुटबॉल संघाची प्रशिक्षक, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. सुईत दोरा ओवायला आता दुसऱ्याचे डोळे लागतात, पण त्याचा बुद्धीशी संबंध नाही, असे डॉक्टरांनी समोर बसून सांगितले आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणणाऱ्यांचे काय होते ते आळीत कोणालाही विचारावे.

वकीलबाई शेजारी बसल्या आहेत. त्यांचे म्हणणे असे की मृत्युपत्रात मिळकत लिहावी, मन लिहू नये. मी म्हटले, "बाई, तुमच्या अंगावरचा कोट मीच शिवलाय. त्याला अस्तर लावलं नसतं तर चाललं असतं का?" तेव्हा या पत्रात जागोजाग अस्तर दिसेल. कायद्याने ते सोडून द्यावे, घरच्यांनी देऊ नये.

दोन गोष्टी मात्र त्यांनी बजावून सांगितल्या आहेत आणि त्या मी मानते. पहिली, सही दोन साक्षीदारांसमोर व्हावी, आणि साक्षीदार असा असावा की ज्याला या पत्रातून काहीही मिळत नाही. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर मृत्युपत्र टिकते, पण त्याला दिलेले रद्द होते. दुसरी, शेवटी एक 'उरलेसुरले' कलम असावे, म्हणजे लिहायचे राहून गेलेले, किंवा ज्याला दिले त्याला देता न आलेले, असे सगळे एका ठिकाणी जाते, भांडण होत नाही. साक्षीदार म्हणून मी डॉक्टरांना आणि कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला बोलावले आहे. दोघांना मी काही ठेवलेले नाही. डॉक्टरांनी मला मैदानावर उभे राहायला मनाई केली आणि सायकलवाला आयुष्यात एकदाही वेळेवर आलेला नाही, तेव्हा त्यांना कारण विचारायची गरज पडू नये.

कलम १. दुकानावरचे राहते घर, आतल्या सामानासह, माझ्या एकुलत्या एका मुलाला. तो विमा कंपनीत काम करतो आणि माणूस सरळ आहे. फुटबॉलमधले त्याला ओ की ठो कळत नाही. लहानपणी मैदानावर नेले तर गोलाच्या खांबाला टेकून पुस्तक वाचायचा. त्याचे वडील आगीच्या बंबावर होते आणि आळीच्या जुन्या संघाचे गोली होते. पोरगा आपल्यावर जाईल अशी त्यांना फार आशा होती. तो गेला नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. लग्न मात्र त्याने असे केले की फुटबॉल त्याच्या मागोमाग पुन्हा घरात आला. ते पुढे येईल. घराची गच्ची गळते, हे त्याला माहीत आहे आणि तो ऐकू न आल्यासारखे करतो. आता घर त्याचेच झाल्यावर ऐकू येईल.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल ते नातीच्या शिक्षणासाठी. आकडा लिहीत नाही. हे पत्र वाचायला बरेच जण जमतील आणि त्यातल्या काहींचे कान लांब आहेत.

कलम ३. दुकानाची पुढची खोली, तिथली शिलाई मशीन, इस्त्री, कात्र्या आणि गिऱ्हाइकांची मापे काजवालीला. काजवाली म्हणजे माझ्याकडे काज-बटणे करायला आली ती, आणि मग कधी गेलीच नाही ती. संघात ती माझी सेंटर हाफ होती. मोठ्या हाडापेराची, आवाज दणदणीत, आणि हातून काज असे बारीक की बघत राहावे. सांगितलेले काम ती जसेच्या तसे करते. या गुणाने माझा एक सामना घालवला, तोही पुढे येईल, पण त्यात चूक तिची नव्हती.

कलम ४. साखळी सामन्यांच्या माजी चिटणीसांना माझी मोडकी छत्री. बायकांच्या सामन्याला गोलांना जाळी लावायची गरज नाही, असे त्यांनी भर सभेत म्हटले होते. "बायका गोल करणार कुठे?" असे त्यांचे शब्द होते. त्या वर्षी आमचे गोल झाले की नाही यावरून दर सामन्यात पंचांशी वाद झाले, पावसात उभे राहून झाले. छत्री उघडत नाही. हे त्यांना आधी सांगू नये.

कलम ५. आता मुख्य. दुकानाची मागची खोली, तिचे मैदानाच्या बाजूला उघडणारे वेगळे दार, आतले कापड बेतायचे टेबल आणि टेबलाखालच्या फळीवरचा बटणांचा डबा, हे सर्व एकत्र द्यायचे आहे. यातले एक दुसऱ्यापासून तोडू नये.

संघ माझ्या मालकीचा नाही. तो मृत्युपत्राने देता येत नाही, हे वकीलबाईंनी सांगितले, मी ऐकले नाही म्हणून पुन्हा सांगितले. ठीक आहे. पण सामन्याच्या आदल्या संध्याकाळी पोरी याच खोलीत येतात, टेबलाभोवती कोंडाळे करतात, आणि खडूने आखलेल्या मैदानावर बटणे कुठे बसतात ते बघून आपण उद्या कुठे उभे राहायचे ते ठरवतात. ज्याच्याकडे टेबल त्याच्याकडे संघ. हे कायद्यात नसेल, आळीत आहे. म्हणून हे टेबल कोणाच्या हाती द्यायचे याचा विचार मी गेला हिवाळाभर केला. चुकीच्या हाती पडले तर बघता बघता तिथे कोणाच्या तरी मोटारसायकली उभ्या राहतील आणि पोरी घरी बसतील. मला मरणाची भीती वाटत नाही, याची वाटते.

टेबल माझ्या वडिलांचे. तेही शिंपी आणि तेही प्रशिक्षक, पुरुषांच्या संघाचे. दिवसा त्यावर कापड बेतायचे आणि संध्याकाळी संघ. ते नेहमी म्हणत की फुटबॉलच्या मांडणीचा सगळा इतिहास एका प्रश्नात मावतो. पुढे जायला सगळ्यांनाच आवडते, मागे कोण थांबणार?

आजोबांच्या वेळी कोणीच थांबत नसे. चेंडू जिकडे, गाव तिकडे. एक ना धड, भाराभर चिंध्या. मग कुठेतरी कोणाला तरी सुचले की दोघांनी मागे राहावे, तिघांनी मध्ये, आणि पाचांनी पुढे. ज्याला हे सुचले त्याचे मला पाय धरावेसे वाटतात. धावत्या गर्दीकडे बघून त्यात आकार दिसणे ही सोपी गोष्ट नाही. माझ्याकडे कापडाचा तागा येतो तेव्हा त्यात झगा आधीच असतो, पण तो मला दिसावा लागतो. मागे दोन, मध्ये तीन, पुढे पाच. टेबलावर मांडले की घेरदार झग्याच्या कळीसारखे दिसायचे, मागे निमुळते, पुढे पसरत गेलेले. बरोबर मधोमध सेंटर हाफ. त्यासाठी वडिलांनी ओव्हरकोटाचे मोठे काळे बटण ठेवले होते. सगळा खेळ त्याच्यातून जायचा, पुढे देणारा तोच आणि मागे धावणारा तोच.

मग ऑफसाइडचा नियम बदलला. पूर्वी पुढच्या गड्याला चेंडू देताना त्याच्या आणि गोलाच्या मध्ये समोरचे तीन जण लागत, आता दोन पुरले. नियम करणाऱ्यांनी एकच टाका उसवला आणि सबंध शिवण निघाली. पुढचे मोकाट सुटले, गोलांचा पाऊस पडला. त्यावर दुसऱ्या कोणी तरी मधल्या मोठ्या बटणाला उचलून मागे नेले आणि दोन बॅकच्या मध्ये उभे केले. मागे दोनाचे तीन झाले. वडिलांना हे कधीच पटले नाही. "घरातल्या कर्त्या माणसाला दाराशी राखणीला बसवायचं?" असे म्हणत ते अखेरपर्यंत जुनीच मांडणी खेळले, आणि हरताना देखील ऐटीत हरले. त्यांचे मला आजही कौतुक वाटते. सुंभ जळाला तरी पीळ गेला नाही.

कलम ६. पुलापलीकडे घड्याळ दुरुस्तीचे दुकान चालवणारे गृहस्थ, ज्यांना सगळे घड्याळजी म्हणतात, त्यांच्याविषयी.

वडिलांच्या मागे पुरुषांचा संघ कामधंद्यासाठी पांगला. मी धुलाई कारखान्यातल्या आणि डबाबंद मालाच्या शेडमधल्या बायका गोळा करून संघ उभा केला. पलीकडे घड्याळजींनी त्यांच्या बाजूच्या पोरींचा केला. पहिल्याच सामन्याला मी वडिलांची दोन-तीन-पाच मांडणी घेऊन गेले आणि त्यांनी मागे तिघी ठेवल्या होत्या. आमचा धुव्वा उडाला. मी तशीच पूल ओलांडून त्यांच्या दुकानात गेले. ते डोळ्याला भिंग लावून कोणाचे तरी घड्याळ उघडून बसले होते.

मी म्हटले, "काय केलंत ते मांडून दाखवा."

त्यांनी मान वर केली नाही. "हरलात तुम्ही. तुम्हीच मांडा. मांडता आलं तर पुढच्या खेपेला असं हरणार नाही."

मला इतका राग आला की मी खरोखरच मांडले. त्यांचे दुकान एवढेसे, म्हणून ते माझ्या टेबलाशी आले. माझी बाजू बटणांची, त्यांची बाजू त्यांनी खिशातून काढलेल्या, बंद पडलेल्या घड्याळांच्या पितळी चाकांची. तेव्हापासून आमच्यात नियम झाला की जो हरेल त्याने त्या संध्याकाळी या टेबलावर, जिंकणाऱ्याने आपल्याला कसे हरवले ते मांडून दाखवायचे. जिंकणाऱ्याने फक्त मान हलवायची, हो किंवा नाही. तक्रार करायची नाही, पंचांचे नाव काढायचे नाही, मैदान वाकडे होते असे म्हणायचे नाही. मी अनेक हुशार माणसे बघितली आहेत, पण हरल्यानंतर स्वतःच्या हाताने दुसऱ्याची अक्कल मांडून दाखवणारा हा एकच.

मग मीही मागे तिघी ठेवल्या. काजवालीला मधून काढून मागे उभी केली आणि सांगितले, "त्यांची नऊ नंबरची जाईल तिथे जायचं. तिची सावली व्हायचं." दोन मोसम आम्ही अजिंक्य होतो. आणि मग ती अंतिम लढत आली.

त्या दिवशी त्यांची नऊ नंबरची पुढे उभीच राहिली नाही. सगळ्यांच्या पुढे असायची तीच बाई खेळ सुरू होताच रमतगमत मागे मैदानाच्या मध्यात गेली. काजवाली सांगितल्याप्रमाणे तिच्या मागोमाग गेली. आमच्या गोलासमोर एवढी जागा मोकळी पडली की तिथे खाट टाकून झोपता आले असते. त्या जागेत उजवीकडून एक चिमुरडी, हडकुळी विंगर तिरकी धावत आली. गोल झाला. पुन्हा तसेच, पुन्हा गोल. मी कडेला उभी राहून ओरडत होते, "काजवाली, तिला सोडू नकोस," म्हणजे माझ्याच तोंडाने माझे घर लुटवत होते.

संध्याकाळी मी टेबलाशी बसले. नऊ नंबरचे चाक पुढे ठेवले. घड्याळजींनी मान हलवली, नाही. मध्यात ठेवले. हो. मग त्यांनी नियम मोडून एकच वाक्य विचारले, "आता तुमचं मोठं बटण कुठे जातं?" मी काळे बटण उचलून चाकाच्या शेजारी नेले, आणि मागे पडलेली ती जागा मला दिसली. मला रडू आले. हरले म्हणून नव्हे. इतकी देखणी गोष्ट मी त्याआधी बघितली नव्हती. त्यांनी माझी बाई माझ्याच हुकमाने जागेवरून हलवली होती. पुढे जाऊन गोल करणारे मला ठाऊक होते. कोणी मागे येऊन गोल करू शकते हे मी त्या दिवशी शिकले.

पुढची वर्षे अशीच गेली. शेरास सव्वाशेर. मी मागे चौथी बाई आणली, म्हणजे एक गेली तरी एक उरेल. त्यांनी पुढच्या चौघींतली एक मध्यात ओढून तिथे तिघी केल्या. मी सगळ्यांच्या मागे एक अशी ठेवली जिने कोणालाच धरायचे नाही, फक्त निसटून येईल ते झाडून काढायचे. तिला आळीत केरसुणी म्हणत आणि तिला त्याचा अभिमान होता. त्यावर घड्याळजींनी काय करावे? त्यांच्या बॅक पुढे धावायला लागल्या आणि पुढच्या मागे, एक जागा सोडायची की दुसरी ती भरायची. कोणाला धरायचे तेच कळेना. मी म्हटले, "हे काय घड्याळाचं काम आहे?" ते म्हणाले, "हो." शेवटी मी दोन सरळ ओळी केल्या, चौघी मागे, चौघी मध्ये, पुढे दोघी, पक्क्या दुहेरी शिलाईसारख्या, आणि त्यात त्यांची चाके बरीच वर्षे अडकून राहिली.

आम्हाला वाटे की हे सगळे आम्हीच शोधले. एकदा शहरातून एक क्रीडा पत्रकार आला, टेबल बघून हसला आणि म्हणाला, "बाई, हे सगळं जगात कधीच होऊन गेलंय. मोठमोठ्या मैदानांवर झालंय, पुस्तकं आहेत त्यावर." मी घड्याळजींना सांगितले नाही, त्यांचे मन मोडेल म्हणून. बऱ्याच वर्षांनी बोलता बोलता कळले की त्यांना ते माझ्याआधी ठाऊक होते आणि माझे मन मोडेल म्हणून ते गप्प होते. आम्ही दोघे त्या दिवशी पोट धरून हसलो. जगाला जे करायला शेकडो डोकी लागली ते पुलाच्या दोन बाजूंना दोघांनी केले, उशिरा केले, पण कोणाचे बघून केले नाही. यात लाज कसली?

पुढे पलीकडचे मैदान गोदामाखाली गेले आणि त्यांचा संघ मोडला. आता ते आमच्या सामन्यांना येतात आणि कुंपणाशी उभे राहून बघतात. संघ नसलेला प्रशिक्षक म्हणजे काटे काढलेले घड्याळ. आत सगळे चालू असते, बाहेर कोणाला दिसत नाही. हे मला बघवत नाही.

सबब, कलम ५ मधली खोली, दार, टेबल आणि बटणे मी माझ्या पश्चात घड्याळजींना देते. ते माझ्याहून लहान आहेत, चालते-फिरते आहेत आणि माझा डाव आयुष्यात नीट ओळखणारे तेच एक माणूस आहे. "प्रतिस्पर्ध्याला?" असे वकीलबाईंनी विचारले. मी म्हटले, "मग काय, ज्यांनी माझा डाव कधी ओळखला नाही त्यांना देऊ?" त्यांनी पुढे विचारले, "घरात सूनबाई आहेत की." त्याचे उत्तर पुढच्या कलमात.

कलम ७. उरलेसुरले. वर न लिहिलेले, किंवा वरच्यांपैकी कोणाला देता न आलेले, जे काही असेल ते सर्व माझ्या सुनेला. म्हणजे चिंध्यांची पोती, दोऱ्याची अर्धी रिळे, जुन्या जर्सी आणि शिट्टी.

हे वाचून कोणी म्हणेल की सासूने सुनेला चिंध्या दिल्या. म्हणू दे. सून आमची पुलापलीकडची. अंतिम लढतीत माझ्या मोकळ्या जागेत धावत आली ती हडकुळी विंगर हीच. माझ्या मुलाने त्या दिवशी पहिल्यांदा पुस्तकातून मान वर केली, आणि कोणाकडे बघून केली! आज ती शहर बस चालवते, संघाच्या धाकट्या पोरींना शिकवते, आणि उलट उत्तर देते. माणूस लाखाचे आहे. तिच्या हातच्या पोरी पायात चेंडू आला की घाबरत नाहीत, हे मी कबूल करते. पण तिला टेबलाची शिस्त नाही.

गोलीसाठी माझ्याकडे पितळी बटण आहे, ह्यांच्या बंबावरच्या कोटाचे. ते गोलात असते. एका सकाळी बघते तर ते चौकटीच्या बाहेर, बॅकच्या ओळीत येऊन उभे. मी मागे सारले. दुसऱ्या सकाळी पुन्हा पुढे. असे आमचे कित्येक आठवडे चालले, तोंडाने एक शब्द नाही. शेवटी मीच विचारले, "सूनबाई, गोलीला देवाने हात कशाला दिलेत?"

"आणि पाय कशाला दिलेत, आई? ती पुढे आली तर मागे आपण पाच होतो. मग मधलीला मोकळं सोडता येतं."

"आणि मागे गोल उघडा पडतो, त्याचं काय?"

"पडतो ना. पण चेंडू आपल्याकडे असतो."

मी हिप मोडून रुग्णालयात होते तेव्हा तिने पोरींना तसे खेळवले. जिंकल्या. मी म्हटले, नशीब. घड्याळजींनी मला नंतर विचारले, "हे कोणी शिकवलं?" मी म्हटले, "कोणी नाही, पोरी आगाऊ आहेत." ते नुसते हसले. ती अजून कच्ची आहे, असे माझे मत आहे, आणि मृत्युपत्रात मत लिहायला बंदी नाही.

कलम ८. मी गेले त्या दिवशी सामना असेल तर तो रद्द करू नये. भाषणे नकोत. विशेषतः छत्रीच्या मालकाचे नको.

इथपर्यंत लिहून मी सही करणार होते. पण कोणाला काही द्यायचे तर त्याला विचारून द्यावे, म्हणून घड्याळजींना बोलावले होते. ते आले, डॉक्टरांशेजारी बसले आणि खिशातले भिंग काढून सुरुवातीपासून सगळे वाचले. कलम ६ दोनदा वाचले, आणि भिंग पुसायला लागले, ते खूप वेळ पुसत राहिले. मग पुढे झाले ते, सही करण्याआधी, इथे लिहिणे मला भाग आहे.

ते म्हणाले, "दुसरा साक्षीदार कुठे?"

"सायकलवाला. येईल आता."

"तो कधी वेळेवर आलाय? तुम्ही करा सही. तुमच्या मागून मी करतो."

वकीलबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही नाही चालणार. तुम्ही साक्षीदार झालात तर ही खोली तुम्हाला मिळणार नाही. ती उरल्यासुरल्यात जाईल."

"वाचलंय मी."

"अहो, म्हणजे ती सूनबाईंना जाईल."

"तेही वाचलंय."

मी म्हटले, "घड्याळजी, पोरकटपणा करू नका. ती कच्ची आहे."

ते टेबलावरच्या बटणांकडे बघत बोलले. "मास्तरीणबाई, गोली पुढे आली की मागे किती जागा उघडी पडते, ते तुम्ही बघता. पुढे एक माणूस वाढलं, ते ती बघते. दोन मोसम कुंपणाशी उभा राहून बघतोय मी. मी असतो तर मला सुचलं नसतं. तुम्हालाही नाही."

"आणि तुम्हाला टेबल नको?"

"हवं होतं," ते म्हणाले. "फार हवं होतं. पण मी घेतलं तर ती आणखी दहा वर्षं कडेला धावत राहील. मला कुंपण पुरे. एखादी खुर्ची देईल ती मला."

सायकलवाल्याची वाट बघणे माझ्या हातात आहे. कलम ७ मधले नाव बदलणेही माझ्या हातात आहे. वकीलबाई माझ्याकडे बघत आहेत. पण आमचा एक नियम आहे आणि तो या मृत्युपत्रापेक्षा जुना आहे. हरणाऱ्याने मांडून दाखवायचे. तर मांडते.

मी त्यांना सगळ्यांच्या पुढे उभे केले होते. खेळ सुरू होताच ते मागे आले, जिथे काही मिळत नाही तिथे, साक्षीदारांच्या ओळीत. मी हिवाळाभर त्यांच्यावरच नजर ठेवून होते, तेव्हा माझे मोठे बटण पुन्हा एकदा त्यांच्या मागोमाग गेले. मधोमध जागा मोकळी पडली. त्या जागेत उजवीकडून तीच हडकुळी पोर धावत आली. तिला अजून काही माहीत नाही. या क्षणी ती बस चालवते आहे.

एवढे लिहून मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. हो.

कलम ६ मी खोडत नाही. कायदा ते रद्द करेल, करू दे. मी दिले होते, हे कागदावर राहायला हवे. कलम ७ मधल्या चिंध्यांत आता खोली, टेबल आणि बटणे आली, आणि ती माझ्या सुनेला मी पूर्ण शुद्धीत, डोळ्यांदेखत हरून आणि आनंदाने देत आहे. कुंपणाशी खुर्ची पाठ असलेली ठेवावी, त्यांची कंबर धरते.

बोलता बोलता घड्याळजींनी टेबलावरचे पितळी बटण बोटाने पुढे सरकवले आहे. ते कोणी मागे आणू नये.

ठिकाण: दुकानाची मागची खोली, बेतायच्या टेबलाशी.
तारीख: मोसमातल्या शेवटच्या सामन्यानंतरचा सोमवार, दुपारी.

मृत्युपत्र लिहून ठेवणारी: (सही) मास्तरीणबाई

साक्षीदार पहिला: (सही) डॉक्टर. बाईंची बुद्धी शाबूत असल्याचे तपासले आहे. हिपला आराम हवा, हेही नमूद करतो.

साक्षीदार दुसरा: (सही) घड्याळे दुरुस्त करणारा, पुलापलीकडचा. सर्व कलमे वाचली. या पत्राने मला काहीही मिळत नाही, हे समजून सही केली आहे.